दिवाण कोणाला जबाबदार? संसदीय राजेशाहीचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो

रावपुरेकर (धागाकर्ते):
बडोद्यात राजेशाहीचा विषय निघाला की बोलणं सयाजीरावांवर जातं, ते साहजिकच आहे. पण पुढे "आपल्याकडेही धारासभा होती, म्हणजे विलायतेसारखंच होतं" असं सर्रास म्हटलं जातं, ते मात्र चूक. धारासभेत प्रश्न विचारता येत, ठराव मांडता येत, सूचना करता येत. दिवाण नेमायचे मात्र हुजुरांनी आणि काढायचेही हुजुरांनीच. सभेला कितीही नापसंत असला तरी दिवाणाची खुर्ची हलत नसे. ही सल्लागार सभा झाली. विलायतेत राजा आजही गादीवर आहे, पण दिवाणाला घरी पाठवायचं काम सभेकडे गेलंय. सगळा फरक इथे आहे.

तर जाणकारांनी प्रत्यक्ष कारभार लिहावा. निवडणुकीनंतर कोण कोणाला बोलावतं, कायद्यावर सही कशी होते, पैसा कसा मंजूर होतो, आणि गाडी कुठे अडते. "राजा रबरी शिक्का आहे का" हा वाद इथे नको. कागद कुठून कुठे जातो ते हवं.

सुरसागर:
ब्रिटनपासून सुरुवात करतो.

तिथे संसदेची मुदत पहिल्या बैठकीच्या दिवसापासून जास्तीत जास्त ५ वर्षं. त्याआधी पंतप्रधान राजाकडे विसर्जन मागू शकतात. २०११ च्या कायद्याने ही मुभा काढून घेतली होती, २०२२ च्या कायद्याने ती परत आली. विसर्जन झालं की कामाचे २५ दिवस मोजून मतदान.

लोक हमखास चुकतात ते पुढच्या पायरीवर. संसद विसर्जित झाली तरी सरकार विसर्जित होत नाही. खासदारकी जाते, मंत्रिपद राहतं. राज्य एक मिनिटही मंत्र्यांविना राहू नये म्हणून जुना पंतप्रधान निकालानंतरही पदावर असतो, फक्त मोठे निर्णय आणि मोठ्या नेमणुका टाळतो. पराभव स्पष्ट असेल तर तो राजवाड्यावर जाऊन राजीनामा देतो, आणि त्याच दिवशी राजा दुसऱ्या नेत्याला बोलावून सरकार बनवायला सांगतो. तो "हो" म्हणाला की तिथल्या तिथे पंतप्रधान झाला. आधी विश्वासदर्शक मतदान होत नाही. सभागृहाची परीक्षा नंतर, राजाच्या अभिभाषणावरच्या मतदानात.

ते अभिभाषण शब्दन् शब्द मंत्रिमंडळाने लिहिलेलं असतं, राजा फक्त वाचतो. आपल्या राष्ट्रपतींच्या अभिभाषणाचं मूळ तिथलंच. त्या दिवशी लॉर्ड्सचा, म्हणजे वरच्या सभागृहाचा अधिकारी, ज्याला 'ब्लॅक रॉड' म्हणतात, कॉमन्सना, म्हणजे निवडून आलेल्या खालच्या सभागृहाला बोलवायला येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दार बंद करतात. काठीने तीनदा ठोठावल्यावरच दार उघडतं. १६४२ मध्ये चार्ल्स पहिला पाच सभासदांना पकडायला सशस्त्र माणसं घेऊन कॉमन्समध्ये शिरला होता. त्यानंतर एकाही राजाने त्या सभागृहात पाऊल टाकलेलं नाही.

मांडवीकर:
फार छान मांडलंत. पण कोणालाच बहुमत नसेल तर? तेव्हा तरी राजालाच माणूस निवडावा लागत असेल ना?

सुरसागर:
मांडवीकर, निवडावा लागू नये अशीच सगळी व्यवस्था आहे. पक्षांनी आपापसात ठरवायचं आणि उत्तर राजवाड्यावर कळवायचं. २०१० मध्ये ६ मे ला मतदान झालं, कोणालाच बहुमत नव्हतं. गॉर्डन ब्राउन पाच दिवस पदावर राहिले, तोवर कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांची बोलणी झाली. ११ मे ला ब्राउननी राजीनामा दिला आणि कॉन्झर्व्हेटिव्हचे कॅमेरून आले. राणीला या पाच दिवसांत मुद्दाम दूर ठेवलं होतं.

त्रिशंकू सभागृहात जुन्या पंतप्रधानाला आधी संसदेला सामोरं जायचा हक्क असतो. डिसेंबर १९२३ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह २५८, लेबर १९१, लिबरल १५८ असे निवडून आले. बाल्डविन सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून सभागृहात गेले, जानेवारी १९२४ मध्ये अभिभाषणावर हरले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे मॅक्डोनल्ड पंतप्रधान झाले. "सर्वांत मोठा पक्ष म्हणून हक्क" असं काही नाही. सभागृह कोणाला पाडणार नाही, एवढंच बघतात.

बहुमताचा आकडाही नीट मोजायला हवा. जागा ६५०, म्हणून ३२६ म्हणतात. पण उत्तर आयर्लंडच्या शिन फेन पक्षाचे सभासद निवडून येऊनही शपथ घेत नाहीत, म्हणून मतही देत नाहीत; २०२४ मध्ये असे ७ निवडून आले. अध्यक्ष आणि तीन उपाध्यक्ष मत देत नाहीत. उरले ६३९, म्हणजे ३२० वर काम भागतं. २८ मार्च १९७९ ला कॅलॅहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं. एकेक माणूस असा मोजावा लागतो.

अलकापुरी:
कायद्याच्या सहीबद्दल.

विधेयकाचं पहिलं वाचन नावापुरतं, दुसऱ्यात तत्त्वावर चर्चा, मग समितीत कलमवार तपासणी, अहवाल, तिसरं वाचन. मग दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच. दोन्हीकडे मजकूर अक्षरशः एक होईपर्यंत कागद इकडून तिकडे फिरतो. लॉर्ड्स अडून बसले तर १९११ आणि १९४९ चे कायदे आहेत: अर्थविधेयक त्यांना एक महिनाच रोखता येतं, इतर विधेयकं साधारण एक वर्ष. पुढच्या अधिवेशनात कॉमन्सने तेच पुन्हा मंजूर केलं की लॉर्ड्सना वगळून कायदा होतो. शिकारी कुत्र्यांनी शिकार करण्यावर बंदी घालणारा २००४ चा कायदा असाच झाला.

राजा प्रत्येक विधेयकावर सही करत नाही. विधेयकांची यादी जोडलेल्या एका राजपत्रावर एकच सही होते आणि दोन्ही सभागृहांत ते जाहीर करतात. राजा स्वतः संसदेत येऊन संमती देण्याची पद्धत १८५४ नंतर बंद आहे. अधिवेशन संपताना जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये पुकारा होतो: "ल र्‍वा ल व्हल्ट", राजाची तशी इच्छा आहे. नकाराचंही वाक्य ठरलेलं होतं, "राजा विचार करील". १७०८ मध्ये ॲन राणीने स्कॉटलंडच्या लष्करी दलाचं विधेयक नाकारलं, त्यानंतर ते वाक्य कोणी उच्चारलेलं नाही.

दांडियाबाजार:
अलकापुरी, एक दुरुस्ती. १७०८ चा नकार राणीने मंत्र्यांच्या सल्ल्यानेच दिला होता, म्हणजे तोही 'राजाची मर्जी' म्हणून धरता येत नाही.

आणि संमतीच्या आधीची एक पायरी राहिली. राजाच्या विशेषाधिकारांना किंवा खाजगी मालमत्तेला हात लावणारं विधेयक असेल तर ते चर्चेत असतानाच राजाची पूर्वमान्यता लागते. ही मान्यता वेगळी, शेवटची संमती वेगळी. पूर्वमान्यता द्यायची की नाही तेही मंत्रीच सांगतात. १९९९ मध्ये इराकवर लष्करी कारवाई करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी असं एका खासदाराचं खाजगी विधेयक होतं. सरकारने सल्ला दिला, मान्यता मिळाली नाही, विधेयक तिथेच थांबलं. राजाच्या नावाने मंत्री काय काय करू शकतात ते इथे दिसतं. काळजी करायची तर याची करावी.

आता पैसा. संसदेने तरतूद केल्याशिवाय एक पौंडही खर्च करता येत नाही, आणि खर्चाची मागणी सरकारशिवाय कोणी करू शकत नाही. मागतं सरकार, देते कॉमन्स. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी येत नाही, ते अनुच्छेद ११३ याच वळणाचं. तिथलं आर्थिक वर्षही १ एप्रिललाच सुरू होतं. वर्षाच्या सुरुवातीला लेखानुदान, मग खात्यांचे अंदाज, मग त्या खर्चाला मंजुरी देणारा विनियोजन कायदा. हे थांबलं की पगार थांबतात. म्हणून अंदाजपत्रक हरणं म्हणजे सरकार हरणं असं धरतात. १९०९ मध्ये लॉर्ड्सनी अंदाजपत्रकच फेटाळलं, १९१० मध्ये दोनदा निवडणूक झाली आणि त्यातून १९११ चा कायदा आला.

मांडवीकर:
मग ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये काय झालं? तिथे तर राजाच्या प्रतिनिधीने निवडून आलेला पंतप्रधान काढला. "सल्ल्यानेच चालतो" हे तिथे कुठे गेलं?

दांडियाबाजार:
चांगला प्रश्न. ते प्रकरण तासातासाने बघायला हवं.

ऑस्ट्रेलियाच्या सीनेटला, म्हणजे वरच्या सभागृहाला, अर्थविधेयक फेटाळता येतं, इंग्लंडच्या लॉर्ड्ससारखे तिचे हात बांधलेले नाहीत. तिथे विरोधकांचं वर्चस्व होतं आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून त्यांनी अंदाजपत्रक लटकवून ठेवलं. सरकारकडचा पैसा नोव्हेंबरअखेर संपायच्या बेतात. खालच्या सभागृहात पंतप्रधान व्हिटलम यांचं बहुमत पक्कं. म्हणजे एकच सरकार एका सभागृहात सुरक्षित आणि दुसऱ्यात उपाशी.

११ नोव्हेंबरला दुपारी एकच्या सुमारास व्हिटलम गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांच्याकडे गेले, अर्ध्या सीनेटची निवडणूक मागायला. कर यांनी त्यांच्या हाती बडतर्फीचं पत्र दिलं. विरोधी नेते फ्रेझर त्याच वास्तूत दुसऱ्या खोलीत थांबलेले होते. अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं आणि लगेच निवडणूक मागायची, या अटीवर त्यांना पंतप्रधान केलं. व्हिटलम घरी जेवायला गेले, सीनेटमधल्या आपल्या नेत्यांना त्यांनी कळवलंच नाही. दोन वाजून गेल्यावर सीनेट भरली, अंदाजपत्रक पुढे आलं, आणि व्हिटलम यांच्या लेबर पक्षाच्या सभासदांनी ते आपल्याच सरकारचं समजून मंजूर करून घेतलं. पैसा फ्रेझरना मिळाला. मग खालच्या सभागृहाने फ्रेझरवर ६४ विरुद्ध ५४ असा अविश्वास मंजूर केला आणि अध्यक्ष तो ठराव घेऊन कर यांना भेटायला निघाले. त्यांना थांबवून ठेवलं गेलं, तोवर दोन्ही सभागृहं विसर्जित झाली होती. १३ डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर मोठ्या बहुमताने जिंकले.

माझं मत स्पष्ट आहे: कर यांनी व्हिटलमना आधी सावध करायला हवं होतं. आपला सल्ला विचारला जाणं, उत्तेजन देणं, इशारा देणं हे राजाचे तीन हक्क म्हणून इंग्लिश लेखक वॉल्टर बॅजटने १८६७ मध्ये सांगितले. यातला इशाराच दिला गेला नाही.

प्रतापनगर:
कर यांची अडचणही लक्षात घ्यावी. पंतप्रधानाला आधी सांगितलं असतं तर त्याने लंडनला कळवून कर यांनाच बदलायचा सल्ला राणीला दिला असता. गव्हर्नर जनरल पंतप्रधानाच्या सल्ल्याने नेमला आणि काढला जातो. दोघांच्याही हातात एकमेकांची बडतर्फी, असा तो पेच होता. त्यामुळे कर यांना दोष देताना मी जरा थांबतो.

राखीव अधिकार, म्हणजे सल्ल्याविना वापरता येणारे, फार थोडे आहेत आणि ते अडचणीतच वर येतात. १९२६ मध्ये कॅनडात मॅकेन्झी किंग यांनी विसर्जन मागितलं, गव्हर्नर जनरल बिंग यांनी नाकारलं. किंग यांनी राजीनामा दिला, विरोधी नेते मीएन आले आणि काही दिवसांतच सभागृहात हरले. मग त्यांना मात्र विसर्जन मिळालं. किंग यांनी "मला नाकारलं ते त्यांना दिलं" यावरच निवडणूक लढवली आणि ते जिंकले. कायद्याने बिंग चुकले नव्हते. अंदाज चुकला: दुसरा माणूस सभागृहात टिकेल असं त्यांना वाटलं. विसर्जन नाकारायचं तर दुसरं सरकार खरोखर चालणार याची खात्री आधी हवी.

उलटी चूकही होते. ऑगस्ट २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी राणीला पाच आठवडे संसद स्थगित करायचा सल्ला दिला आणि तिने तो मानला. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला: सल्लाच बेकायदा, म्हणून स्थगिती झालीच नाही. सल्ला मानला म्हणून राणीवर ठपका आला नाही, तो सल्ला देणाऱ्यावर आला. रावपुरेकरांच्या भाषेत, दिवाण जबाबदार.

कमाटीबाग:
सगळं इंग्लंडवर अडकलंय. युरोपात इतरांनी हे सारं लिहून काढलंय आणि तिथे अंदाजाला जागा कमी ठेवलीय.

स्वीडनमध्ये १९७५ पासून राजा पंतप्रधान नेमत नाही आणि कायद्यावर सहीही करत नाही. नाव सुचवतो संसदेचा अध्यक्ष. ३४९ पैकी १७५ जणांनी विरोधात मत दिलं तरच नाव पडतं, तटस्थ राहिलेले जमेस धरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्डालेना अँडरसन यांना ११७ बाजूने, १७४ विरोधात. विरोध एका मताने कमी पडला, म्हणून त्या निवडून आल्या. काही तासांतच विरोधकांचं अंदाजपत्रक मंजूर झालं, साथीदार पक्ष बाहेर पडला, त्यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान झालं आणि फक्त १०१ होकारांवर त्या पंतप्रधान झाल्या, कारण विरोध १७३ च होता. चार वेळा नाव पडलं तर निवडणूक.

स्पेनमध्ये राजा पक्षनेत्यांना एकेक करून भेटतो आणि नाव सुचवतो. पहिल्या फेरीत ३५० पैकी १७६ लागतात. ४८ तासांनी दुसरी फेरी, तिथे नकारांपेक्षा होकार जास्त असले की पुरे. पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कोणीच निवडून आलं नाही तर विसर्जन. २०१५-१६ मध्ये तसंच झालं. इथली खुबी अशी, की कोणी उमेदवार मतदानाला उभाच राहिला नाही तर ते दोन महिने सुरूच होत नाहीत. अविश्वासाच्या ठरावात पर्यायी पंतप्रधानाचं नाव लिहावंच लागतं. १ जून २०१८ ला राहॉय याच रीतीने गेले आणि सांचेझ १८० मतांनी आले. पाडायला एक व्हायचं आणि बसवायला फुटायचं, ही सोय ठेवलेली नाही.

बेल्जियममध्ये २०१०-११ साली सरकार बनायला ५४१ दिवस लागले. राज्य थांबलं नाही, कारण काळजीवाहू मंत्री नेहमीची कामं करतात आणि पैसा दरमहा मागच्या अंदाजपत्रकाच्या एक बारांशाने मिळतो. पण त्या काळात नवी योजना नाही.

नेदरलँड्सने २०१२ पासून सरकार जुळवण्याच्या कामातून राजाला बाजूला काढलं, मध्यस्थ आता संसदच नेमते.

अलकापुरी:
कमाटीबाग, राजाच सहीला नाही म्हणाला तर काय, त्याचं उदाहरण बेल्जियममध्येच आहे. एप्रिल १९९० मध्ये राजे बोदुआँ यांनी गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला विवेकाच्या कारणाने नकार दिला. मंत्रिमंडळाने राजाला 'राज्य करण्यास असमर्थ' जाहीर केलं, सर्व मंत्र्यांनी मिळून सही केली, आणि लगेच संसदेने राजाला पुन्हा अधिकारावर आणलं. लक्झेंबर्गमध्ये २००८ ला ग्रँड ड्यूकनी दयामरणाचा कायदा अडवला, तर २००९ मध्ये घटनेतून त्यांचा संमतीचा अधिकारच काढून टाकला. त्यांनी आता फक्त कायदा जाहीर करायचा.

मला दुसरा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो. 'असमर्थ' ही पळवाट एकदाच चालते.

फतेगंज:
जपान राहिलं. १९४७ च्या घटनेत सम्राट 'राष्ट्राचं प्रतीक' आहे आणि राज्यकारभाराचा कोणताही अधिकार त्याला नाही. पंतप्रधान संसद ठरवते, सम्राट नेमणूक करतो. खालच्या सभागृहात अविश्वास मंजूर झाला की मंत्रिमंडळाला १० दिवस: एक तर राजीनामा, नाहीतर विसर्जन. विसर्जनापासून ४० दिवसांच्या आत निवडणूक, निवडणुकीपासून ३० दिवसांच्या आत अधिवेशन.

बडोद्याच्या लोकांना खानगी खातं म्हटलं की पटकन कळेल: दरबारचा घरखर्च एकीकडे, राज्याचा खर्च दुसरीकडे. जपानमध्ये तर राजघराण्याची सगळी मालमत्ता सरकारची आहे आणि खर्च संसद मंजूर करते. ब्रिटनमध्ये 'क्राउन इस्टेट' ही ना राजाची खाजगी मालमत्ता, ना थेट सरकारची. तिचा नफा सरकारी तिजोरीत जातो आणि २०११ च्या कायद्याने त्याच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम राजाच्या कामासाठी मिळते. सुरुवातीला हा टक्का १५ होता, मग २५ झाला. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भाड्याने नफा वाढला म्हणून २०२४-२५ पासून १२.

रावपुरेकर:
सर्वांचे मनापासून आभार, मला हवं ते मिळालं. आता बडोद्याची एक गोष्ट, जी फारशी कोणी बोलत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० हा काळ भारत स्वतःच संसदीय राजेशाही होता. कागदोपत्री राजा जॉर्ज सहावा, त्याच्या वतीने आधी माउंटबॅटन आणि २१ जून १९४८ पासून राजगोपालाचारी. विधेयकांना ते राजाच्या नावाने संमती देत, पण भारतातला कायदा लंडनहून रद्द करायची वाट स्वातंत्र्याच्या कायद्यानेच बंद केली होती. सल्ला फक्त नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा. आता तारीख बघा: बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मे १९४९ ला. म्हणजे गायकवाडी संपल्यावर बडोदेकर जवळपास नऊ महिने या संसदीय राजेशाहीच्या मुलखात होते, आणि मग प्रजासत्ताकात आले. सयाजीरावांच्या धारासभेला जे मिळालं नाही ते त्या नऊ महिन्यांत दिल्लीच्या सभेकडे होतं, मंत्री काढायचा अधिकार.

मांडवीकर:
हे कधी लक्षातच आलं नव्हतं. यावरून आपल्या राष्ट्रपतींबद्दल विचारतो. आपल्याकडे तरी हे लिहिलेलं आहे ना?

प्रतापनगर:
१९७६ पर्यंत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ७४ मध्ये सल्ला बंधनकारक झाला. ४४ व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये एकदा फेरविचाराला पाठवायची मुभा दिली, दुसऱ्यांदा आला की मानायचा. भोक राहिलं ते विधेयकाच्या संमतीत: अनुच्छेद १११ मध्ये कालमर्यादा नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी ना मंजूर केलं, ना परत पाठवलं, ते तसंच राहून गेलं. राजा नसलेल्या देशात हे घडलं, आणि राजा असलेल्या ब्रिटनमध्ये १७०८ नंतर एकही विधेयक संमतीवाचून राहिलेलं नाही.

फतेगंज:
शेजारच्या भूतानबद्दल कोणी सांगेल का? तिथे राजाने स्वतःहून सत्ता दिली म्हणतात.

सुरसागर:
हो, २००८ ची घटना. खालच्या सभागृहात ४७ जागा. निवडणूक दोन फेऱ्यांत: पहिलीत सगळे पक्ष, दुसरीत फक्त पहिले दोन. त्यामुळे त्रिशंकूचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. अविश्वास मांडायला एक तृतीयांश सभासद लागतात आणि मंजूर व्हायला दोन तृतीयांश, म्हणजे ४७ पैकी ३२. सरकार पाडणं तिथे ब्रिटनपेक्षा खूपच कठीण. राजालाही काढता येतं: संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश सभासदांनी ठराव आणायचा, तीन चतुर्थांशांनी मंजूर करायचा, मग देशभर सार्वमत. आणि ६५ वय झालं की राजाने गादी सोडायची, हे घटनेतच लिहिलंय.